पट्टे गेले कुठे? रेडिंगमधल्या एका परसातल्या तळ्याचं प्रकरण

जुलै २०२३ मध्ये एका संध्याकाळी ताईचे दोन फोटो आले. पहिला एप्रिलमधला. तळ्याच्या काठाने पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पाती, मधेमधे गुलाबी कोंब, सगळं नुकतंच धुऊन ठेवल्यासारखं. दुसरा त्याच दिवशी काढलेला. जागा तीच, पण नुसतं हिरवं रान. खाली एक ओळ: "पट्टे गेले गं. हे म्हणतायत सगळं उपटून नवीन आणू. तू ये आधी."

ताई माझी आत्येबहीण. ती आणि दाजी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतात, मी लेस्टरला. इथल्या एका रोपवाटिकेत मी शनिवार-रविवार पाणवनस्पतींच्या हौदांवर काम करते, त्यामुळे नात्यात कुणाच्याही कुंडीतलं पान वाळलं की फोटो माझ्याकडे येतो. बहुतेक वेळा "पाणी कमी घाला" एवढ्यावर काम भागतं. इथे भागणार नव्हतं. दोन फोटोंवरून मला एक नाही, निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसत होत्या आणि त्या सगळ्यांना ताई "पट्टे गेले" हे एकच नाव देत होती.

जागा आणि झाडं

तळं लॉकडाउनमधलं. एप्रिल २०२० मध्ये दाजींनी घरी बसून खड्डा खणला, आत अंथरायचं लायनर ऑनलाइन मागवलं, आणि १३ मे ला इंग्लंडमधली गार्डन सेंटरं पुन्हा उघडली त्याच आठवड्यात झाडं आणली. साडेतीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, मधोमध ७० सेंटिमीटर खोल. तीन बाजूंनी पाण्याखाली पायरी ठेवलेली, चौथ्या बाजूला गोटे. पाणी साधारण तीन हजार लिटर. मासे नाहीत. तळं भरून वाहिलं की पाणी मागच्या कोपऱ्यात जातं. तिथली माती चिकण, कायम ओली, चपला काढून गेलं तर घोट्यापर्यंत पाय जातो. ताईने तो कोपराही लावून टाकला होता.

सगळी निवड ताईची आणि सगळी पट्टेरी, दुकानाच्या भाषेत 'व्हेरिगेटेड'. मी तेव्हाच म्हटलं होतं की एखाद-दुसरं साधं हिरवं घे. सगळ्यांनीच जरीकाठ नेसला तर कुणाचा उठून दिसायचा? पण लॉकडाउनमध्ये माणसाला काहीतरी झगमगीत हवं असतं.

पायरीवर पिवळ्या आयरिसच्या, म्हणजे आयरिस स्यूडअकोरसच्या व्हेरिगेटेड जातीच्या दोन जाळीदार टोपल्या. जांभळट निळ्या फुलांच्या आयरिस लेव्हिगाटा व्हेरिगेटेडची एक. स्वीट फ्लॅगच्या, म्हणजे अकोरस कॅलॅमसच्या, अर्धं पान हिरवं आणि अर्धं मलईच्या रंगाचं अशा जातीच्या दोन. झेब्रिनस नावाच्या लव्हाळ्याची एक. याच्या गोल दांड्यांवर साळिंदराच्या काट्यासारखे आडवे पांढरे पट्टे असतात. ग्लिसेरिया मॅक्सिमा या पाणगवताची पट्टेरी जात, एक टोपली. ओल्या कोपऱ्यात हुटुनियाची कमेलियन ही हिरवी-पिवळी-लाल जात, आणि गोट्यांच्या फटीत बुटक्या सोनेरी अकोरसचे चार पुंजके.

ही सगळी इथल्या भाषेत 'हार्डी' झाडं. आपल्याकडे चिवट झाड म्हणजे मे महिना काढणारं. इथे हार्डी म्हणजे जानेवारी काढणारं. त्या बाबतीत एकानेही दगा दिला नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये तळ्यावर कित्येक दिवस बर्फाची झाकणी होती. सोनेरी अकोरसची टोकं तेवढी करपली, कारण ते सदाहरित आणि पाण्याबाहेर. बाकीच्यांची पानं थंडीत तशीही झडलेली असतात आणि गड्डे पाण्याखाली. बर्फ पाण्याहून हलका, म्हणून वर तरंगतो, आणि पाणी सर्वांत जड असतं ते चार अंशांना, म्हणून खालचं पाणी गोठण्याच्या जरा वर राहतं. दाजींचा पहिला संशय थंडीवर होता. तो मी तिथेच काढून टाकला.

आधी काय काय झालं होतं

मी पोचेपर्यंत एक औषध देऊन झालं होतं आणि दुसरं ठरलं होतं. झाडं हिरवी पडतायत म्हणजे उपाशी असणार, असं ठरवून दाजींनी जूनमध्ये टोमॅटोला घालतात ते द्रवरूप खत दोन झाकणं थेट तळ्यात ओतलं होतं. दहा दिवसांत पाणी मुगाच्या कढणासारखं झालं. मग एका दुकानातल्या मुलाने त्यांना सांगितलं की व्हेरिगेटेड झाडं मुळात नाजूक असतात, तीन वर्षांनी बदलावीच लागतात. दाजींनी नव्या टोपल्यांची यादीही करून ठेवली होती.

नाजूक हा शब्द मला पटत नाही, पण त्यामागे एक खरी गोष्ट आहे. पानाचा पांढरा भाग पांढरा असतो कारण तिथे हरितद्रव्य नसतं. म्हणजे तो भाग काही शिजवत नाही, नुसता जेवतो. घरात माणसं तेवढीच, पण कमावणारी अर्धी. असं घर चालतं, नीट चालतं, फक्त बेताने चालतं. पट्टेरी झाड आपल्या हिरव्या भावंडापेक्षा सावकाश वाढतं ते यामुळे.

आता अशा झाडाच्या वाढत्या टोकात पेशींचे थर असतात: एका थराला हरितद्रव्य बनवता येतं, दुसऱ्याला नाही. नवा कोंब फुटताना हे थर नेहमी नीट रांगेत राहतीलच असं नाही. कधी कोंब सगळाच हिरव्या पेशींचा निघतो. तो निघाला की त्याच्याकडे दुप्पट कमाई. तीन-चार वर्षांत टोपली त्याची होते. (उलटही होतं, सगळाच पांढरा कोंब येतो, पण तो सहसा आपोआप मरतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.) आणि त्यात तुम्ही खत ओतलंत तर पहिला घास कोण खाणार ते उघड आहे.

पण हे सगळ्या टोपल्यांना लागू होतं का? तिथेच खरी मेख होती.

ताडपत्रीवर

शनिवारी सकाळी दाजींनी लॉनवर ताडपत्री अंथरली आणि आम्ही एकेक टोपली वर काढली. ताईच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या होत्या. त्या खुर्ची टाकून बसल्या. काढायच्या आधी दाजींच्या टेपने मी प्रत्येक टोपलीच्या तोंडावर किती पाणी आहे ते मोजलं. मग ताईला म्हटलं, फोनमधले दर एप्रिलचे फोटो काढून ठेव. झाड आज हिरवं आहे हे मला दिसतंय. ते एप्रिलमध्ये कसं होतं ते मला हवंय.

पहिली टोपली झेब्रिनसची. दांडे मोजले: ३१. त्यांतले २४ निखळ हिरवे, आणि पट्टेरी दांड्यांपेक्षा वीतभर उंच. माती धुऊन काढल्यावर गोष्ट आणखी स्पष्ट झाली. आडवा वाढणारा जाड गड्डा, त्याला एका बाजूने फुटलेली एक फांदी, आणि सगळे हिरवे दांडे त्या एका फांदीवर. या जातीचे पट्टे आडवे, त्यांचं गणित उभ्या पट्ट्यांपेक्षा वेगळं आहे, पण हिरव्याकडे परतायची खोड तीच. २०२१ च्या एप्रिलच्या फोटोत झूम केल्यावर कोपऱ्यात एकच हिरवा दांडा दिसला. तेव्हा अंगठ्याने उपटता आला असता.

दुसरी आणि तिसरी पिवळ्या आयरिसची. ताईची खरी तक्रार हिच्याबद्दल होती, कारण एप्रिलमध्ये सगळ्यात भडक हीच असते. लोणी-पिवळे उभे पट्टे, दुरून दिव्यासारखी. मी तिला म्हटलं, "ताई, ही दर वर्षी जुलैत हिरवी होते. ती तशीच आहे. वसंतात पट्टे येतात, फुलं येऊन गेली की पान हळूहळू हिरवं होत जातं, पुढच्या वर्षी कोंब पुन्हा पिवळे."

ताई गप्प. मग म्हणाली, "म्हणजे तीन वर्षं मी उगाच...?"

उगाच नाही. एप्रिल २०२१ च्या फोटोत सगळे पंखे पट्टेरी होते. आयरिसची पानं हातपंख्यासारखी एका पातळीत येतात म्हणून आम्ही पंखेच म्हणतो. एप्रिल २०२३ च्या फोटोत मोजले तर जवळजवळ अर्धे पंखे एप्रिलमध्येच हिरवे. म्हणजे नेहमीचं जुलैचं हिरवं एक, आणि त्यात मिसळलेलं कायमचं हिरवं दुसरं. ते कुठून आलं तेही टोपलीतच सापडलं. वरच्या खडीत बोटभर उंचीची पाच-सहा रोपं उभी होती, दोघांच्या बुडाशी तपकिरी चपट्या बियांची सालं अजून चिकटलेली. या आयरिसच्या शेंगा फुटतात, बिया पाण्यावर तरंगत जिथे टेकतील तिथे रुजतात. या तळ्यात त्या बियांतून आलेलं एकही रोप पट्टेरी नव्हतं. पट्टे हवे असतील तर गड्डा तोडूनच रोप करायचं, बियांवर भरवसा नाही. शेंगा हिरव्या असतानाच छाटल्या असत्या तर हा घोळ झालाच नसता, पण ताईला त्या शेंगा आवडतात, फुलदाणीत ठेवते.

मग अडचण अशी, की जुलैत दोन्ही हिरवे सारखेच दिसतात. आयरिस वेगळी करायची खरी वेळ फुलांनंतर, म्हणजे हीच. हात तयार, सुरी तयार, आणि कोणता पंखा ठेवायचा हे सांगायला काही खूण नाही. मी ठरवलं, यंदा हात लावायचा नाही. दाजींना हे अजिबात आवडलं नाही. दीडशे किलोमीटर गाडी चालवून आलेल्या बाईने 'राहू दे' म्हणावं?

वाट सुचवली ती सासूबाईंनी. म्हणाल्या, "आपण बियाणाला ठेवलेल्या काकडीला चिंधी बांधतो ना, कुणी चुकून तोडू नये म्हणून. एप्रिलमध्ये पट्टे दिसतील तेव्हा बांधा की." इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. रोपवाटिकेत आम्ही प्लॅस्टिकच्या चिठ्ठ्या खोचतो आणि त्या तिसऱ्या महिन्यात तरंगत गाळणीत येतात.

फसवा पट्टा

आयरिस लेव्हिगाटाची टोपली वर आली तेव्हा ताईचा चेहरा उजळला. "ही बघ, हिचे तर वाढलेत!" लांबून खरंच तसं वाटत होतं. या जातीचे पट्टे पांढरे असतात आणि पिवळ्या आयरिससारखे जुलैत जात नाहीत, हंगामभर टिकतात. इथे पांढऱ्यांच्या जोडीला पिवळे बारीक पट्टे दिसत होते.

पान हातात घेऊन उजेडासमोर धरलं. खऱ्या व्हेरिगेशनचा पट्टा बुडापासून टोकापर्यंत एका सरळ, धारदार कडेने जातो. रुंदी कशीही, एखादा दोरीएवढा तर शेजारचा बोटभर. हे पिवळे पट्टे दोऱ्याएवढे, एकसारखे, आणि कडा विरलेल्या. प्रत्येक शीर हिरवी आणि दोन शिरांमधली जागा पिवळी. आयरिसच्या शिरा एकमेकींना समांतर धावतात, त्यामुळे लोहाच्या कमतरतेने आलेला हा फिकटपणा पट्ट्यांचं सोंग घेतो. जास्वंदीच्या पानावर तो जाळीसारखा दिसला असता आणि ताईने लगेच ओळखला असता. दुसरी खूण वयाची. सगळ्यात कोवळं पान सगळ्यात पिवळं आणि बाहेरचं जुनं पान बरंच ठीक होतं. लोह एकदा पानात गेलं की झाड ते काढून दुसरीकडे नेत नाही, म्हणून टंचाई आधी नव्या पानावर दिसते.

म्हणजे अख्ख्या तळ्यात ताईला जी एक बरी वाटत होती तीच खरी आजारी होती.

कारण शोधायला किटली पुरली. थेम्सच्या या खोऱ्यात नळाचं पाणी खडूच्या थरांतून येतं, जड. किटलीत महिन्याभरात पांढरा थर बसतो. २०२२ चा उन्हाळा आठवा: १९ जुलैला लिंकनशरमधल्या कोनिंग्सबीला ४०.३ अंश, ब्रिटनमधला विक्रम. त्या महिन्यात तळ्याची पातळी रोज उतरत होती आणि दाजी रोज संध्याकाळी पाइप लावत होते. ऑगस्टच्या २४ तारखेला पाइपबंदी आली. तळ्यात मासे असते तर सूट होती, नव्हते, म्हणून मग बादल्या. पाइप काय, बादली काय, पाणी नळाचंच. उडून जातं ते नुसतं पाणी, चुना मागे राहतो, आणि वर पुन्हा चुन्याचं पाणी. पाणी तपासायच्या पट्टीवर पीएच ८.४ आला. शिवाय पायरीवर टोपल्या टेकवायला दाजींनी घराच्या कामातून उरलेले काँक्रीटचे ठोकळे वापरले होते. त्यांतूनही चुना झिरपतो. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात लोह असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही. पिवळी आयरिस याला भीक घालत नाही, लेव्हिगाटाला चालत नाही.

वेखंड

अकोरसच्या टोपल्यांवर २२ सेंटिमीटर पाणी होतं. पट्टे जसेच्या तसे होते, पण तीन वर्षांत प्रत्येकी जेमतेम तीन पंखे. अर्ध्या पानावर कमाई करणाऱ्याला तुम्ही वीतभर पाण्याखाली उभं केलंत तर तो वर यायलाच सगळी ताकद घालवणार. आधीच अर्धं पान मलईचं, त्यात त्या पानाचा खालचा तिसरा भाग कढणासारख्या पाण्यात. याला पाच-सात सेंटिमीटर पाणी पुरे.

टोपली आडवी करताना गड्ड्याचं टोक मोडलं. दाजींनी ते बाजूला टाकलं, सासूबाईंनी उचललं, साडीच्या पदराला पुसलं, नाकाशी नेलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

"अगं, हे वेखंड आहे."

मी अकोरस कॅलॅमस हे नाव हजारदा लिहिलं असेल. वेखंड माझ्याही बाळंतपणात घरात होतं, आईने पाठवलेल्या पुडीत, सुकं, राखाडी, सुंठीच्या शेजारी. दोन्ही एक आहेत हे वाचूनही माहीत होतं. पण ओल्या गड्ड्याचा तो वास, थोडा संत्र्याच्या सालीसारखा, थोडा औषधाच्या पेटीसारखा, सासूबाईंच्या हातात होता तेव्हाच तो मला घरचा वाटला. मोडलेल्या जागी आतून गुलाबीसर पांढरा, वरून तपकिरी पेरं, खालून दोऱ्यासारखी मुळं.

युरोपातलं अकोरस मुळात आशियातून माणसाच्या हाताने आलेलं. त्याच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, म्हणून ते वांझ. बी धरतच नाही, गेली काही शतकं नुसतं गड्ड्याच्या तुकड्यांनी पसरत आलंय. आपल्या वेखंडात सहसा चार संच, आणि बीटा-असारोन हे द्रव्य जास्त. त्या द्रव्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे. सासूबाईंना पणतूसाठी गड्डा सुकवून न्यायचा होता. ताईने ठामपणे नाही म्हटलं, "आई, बाळाला चाटवायचं नाही हं." तळ्यातल्या खतपाण्याचा गड्डा कुणालाच चाटवू नये, हे माझंही मत. शेवटी तो त्यांनी कपाटात, लोकरीच्या कपड्यांत ठेवला. तिथे मात्र वेखंडाबद्दल त्यांचाच शब्द शेवटचा.

तक्रार नसलेलं झाड

ग्लिसेरियाचे पट्टे ठणठणीत, वाढ जोमदार, एकही हिरवा कोंब नाही. ताई तिचं कौतुक करत होती. टोपली उचलायला गेलो तर उचलेना. जाळीतून बाहेर पडलेली मुळं शेजारच्या लेव्हिगाटाच्या टोपलीत शिरून तिच्या गड्ड्याला वेढे घालून बसलेली, दुसरीकडे पायरीवर साचलेल्या गाळात दीड मीटर धाव. दाजींनी लाकूड कापायची करवत आणली. ही जात पट्टेरी असूनही बेताने वगैरे वागत नाही, माझं कमावणाऱ्या घराचं गणित तिला कुणी सांगितलेलं नाही. छोट्या तळ्यासाठी ती विकूच नये असं माझं वैयक्तिक मत आहे. तिचा मूठभर तुकडा बुडाला भोक नसलेल्या बादलीत लावला आणि बादली ओल्या कोपऱ्यात पुरली. उरलेलं कौन्सिलच्या बागकचऱ्याच्या डब्यात. दाजी सहज म्हणाले होते, "केनेट नदीत टाकू का, तिथे वाढेल." वाढेल म्हणूनच टाकायचं नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१४ पासून पाच पाणवनस्पती विकायलाच बंदी आहे, त्यांतली पॅरट्स फेदर तर आधी सर्रास दुकानात मिळायची. तळ्यांतून उपसलेल्या अशा झाडांनीच इथले कालवे भरले. ग्लिसेरिया त्या यादीत नाही, ती इथलीच. पण बागेतली जात नदीत सोडायचं कारण नाही.

हुटुनियावर वेळ घालवला नाही. मागच्या कुंपणाची सावली दुपारी एकपासून त्या कोपऱ्यावर येते आणि कमेलियनचा लाल रंग उन्हाचा. सावलीत ती हिरवी होते, आणि पसरते मात्र तेवढीच. ईशान्य भारतात हिची पानं आवडीने खातात. ताईने एक पान चुरगळून हुंगलं आणि नाक मुरडलं. काढून टाकली. पुढच्या वर्षी तिचे कोंब पुन्हा आले, त्याच्या पुढच्या वर्षीही.

काय केलं

जुलैत फार थोडं केलं, आणि ते मुद्दाम. झेब्रिनसचे हिरवे दांडे नुसते कापून उपयोग नसतो, गड्ड्यातून पुन्हा येतात. हिरवी फांदीच पावाच्या दातेरी सुरीने तोडली, मुख्य गड्डा न हलवता. काँक्रीटचे ठोकळे काढून भाजलेल्या विटा ठेवल्या, अकोरस त्यांवर चढवले. लेव्हिगाटा सोडवून अर्ध्या कापलेल्या पिंपात, नुसत्या पावसाच्या पाण्यात. शेडच्या पन्हाळीखाली २०० लिटरची दोन पिंपं बसवली, म्हणजे तळ्यात भर घालायला नळ लागू नये. खत बंद. हिरव्या पाण्याला काही घातलं नाही. पाणी काढून नवीन भरलं असतं तर पुन्हा चुना आणि पुन्हा नवं शेवाळ. केसाळ शेवाळ बांबूच्या काठीवर शेवयांसारखं गुंडाळून काढायचं आणि रात्रभर काठावर ठेवायचं, त्यातले किडे-गोगलगायी परत पाण्यात जातात. ऑक्टोबरमध्ये तळ दिसू लागला.

एप्रिल २०२४ मध्ये ताईने लाल लोकर घेऊन पट्टेरी पंख्यांना गाठी मारल्या. सासूबाई व्हिडिओ कॉलवर साताऱ्याहून मोजत होत्या. दोन टोपल्यांत मिळून १४ पंखे पट्टेरी, १७ हिरवे. झेब्रिनस आणि अकोरस तेव्हाच विभागून पुन्हा लावले, ज्यांना वसंतातच हात लावायचा त्यांना वसंतात. या वेळी कुंडीतली काळी भुसभुशीत माती नाही, तळ्यासाठी मिळते ती जड, कमी कसाची चिकणमाती, वर खडी. जुलैत फुलं ओसरल्यावर आयरिस उपसल्या. लोकर मळकी झाली होती, सुटली एकच.

हिरव्या पंख्यांचं काय, यावर वाद झाला. मी टाका म्हणत होते. ताई म्हणाली, फुलं याच जास्त देतात, आणि जूनमध्ये चतुराची एक अळी याच हिरव्या पात्यावर चढून कात टाकून गेली, ती काचेसारखी कात अजून पात्याला धरून होती. तिने मला ती दाखवली. मग हुटुनियाच्या मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात हिरव्या आयरिसचे आठ गड्डे लावले. आता पट्टेरी कडेमागे ती गर्द हिरवी भिंत उभी राहते आणि पट्टे पहिल्यापेक्षा उठून दिसतात. हे मी २०२० मध्ये सांगितलं होतं, पण ताईपाशी त्याचा उल्लेख केलेला नाही.

आज

लेव्हिगाटा पुढच्याच वसंतात पांढरीशुभ्र पट्टेरी आली, पिवळेपणा गेला. ती पिंपातच राहणार. अकोरसचे सहा पंखे जुलै २०२५ पर्यंत १९ झाले. झेब्रिनसचं समाधान नाही. २०२४ मध्ये १२ दांड्यांत दोन हिरवे होते, ते काढले; यंदा २६ दांड्यांत पाच हिरवे, आणि या वेळी एका फांदीवर नाहीत, विखुरलेले आहेत. त्यांची मुळं शोधायला पुन्हा सगळी टोपली फोडावी लागेल. ते पुढच्या एप्रिलवर टाकलंय.

परवा ताईचा फोटो आला. शेजाऱ्यांच्या तळ्यात, कुंपणापलीकडे, आयरिसचे दोन हिरवे पंखे. खाली लिहिलं होतं: "आपलेच गं. लोकर घेऊन जाऊ का?"